पाइप गोठू नयेत, वीजही वाया जाऊ नये

15 फेब्रुवारी 2021. टेक्सासमध्ये हिवाळी वादळामुळे वीजपुरवठा कोलमडत होता. त्याच पहाटे साउथ टेक्सास प्रोजेक्ट या अणुवीज केंद्राचं सुमारे 1,300 मेगावॅटचं एक युनिट आपोआप बंद पडलं. अणुभट्टीत काहीच बिघाड नव्हता. वाफ तयार करणाऱ्या भागाला पाणी पुरवणाऱ्या पंपांचा दाब मोजणाऱ्या बारीक नळ्या गोठल्या होत्या. त्यामुळे पंप थांबले, पाण्याची पातळी उतरली आणि सुरक्षा यंत्रणेनं युनिट बंद केलं.

त्या वादळाचा तपास ऊर्जेचं नियमन करणारी एफईआरसी आणि वीजजाळ्याचा भरवसा सांभाळणारी एनईआरसी या अमेरिकेतल्या संस्थांनी केला. त्यांच्या अहवालातली एक गोष्ट या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावी अशी आहे. गोठण्यामुळे वीजनिर्मिती युनिट बंद पडण्याच्या घटनांपैकी 81 टक्के घटना घडल्या, तेव्हा बाहेरचं तापमान त्या युनिटच्या जाहीर डिझाइन तापमानापेक्षा वरच होतं. म्हणजे कागदावर बंदोबस्त पुरेसा होता. प्रत्यक्षात जिथं ऊब पोचायला हवी होती तिथं ती पोचली नाही.

गोठण्यापासून बचाव आणि ऊर्जेची बचत यांत ओढाताण असते, एक वाढवलं की दुसरं घटतं, असं बऱ्याच कारखान्यांत गृहीत धरलं जातं. मला हे पटत नाही. ज्या ढिलाईमुळे पाइप गोठतो, त्याच ढिलाईमुळे बहुतेक वेळा वीजही वाया जाते. भिजलेलं इन्सुलेशन, उघडा राहिलेला व्हॉल्व्ह, चुकीच्या जागी बसवलेला सेन्सर या गोष्टी कडाक्याच्या रात्री पाइप गोठवतात आणि उरलेला हिवाळाभर बिल वाढवतात.

पाइप नेमका कसा फुटतो?

पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, हे शाळेत शिकलेलं असतं. त्यावरून वाटतं की जिथं बर्फ झाला तिथंच पाइप फाटत असेल. बहुतेक वेळा तसं होत नाही. आधी एका ठिकाणी बर्फाचा बोळा तयार होतो आणि पाइपच्या लांबीत वाढत जातो. पुढे व्हॉल्व्ह बंद असेल, तर बोळा आणि व्हॉल्व्ह यांच्यामधलं पाणी कोंडतं. पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही, त्यामुळे बोळा थोडासा सरकला तरी दाब प्रचंड वाढतो. पाइप फाटतो तो या कोंडलेल्या पाण्याच्या दाबानं, आणि कित्येकदा बर्फ नसलेल्या भागात. बर्फ वितळेपर्यंत ते कळतही नाही. ऊन पडल्यावर गळती सुरू होते.

आता उष्णतेचा हिशेब. एक किलो पाणी एक अंशानं थंड व्हायला सुमारे 4.2 किलोज्यूल उष्णता बाहेर जावी लागते. शून्य अंशावरच्या त्याच एक किलो पाण्याचा पूर्ण बर्फ व्हायला मात्र 334 किलोज्यूल जावे लागतात. त्यामुळे शून्यापर्यंत पाणी झटकन उतरतं, पण पूर्ण घट्ट गोठायला वेळ लागतो. हा वेळ आपल्या कामाचा आहे. फक्त तो सगळ्या पाइपांना सारखा मिळत नाही.

तीन पाइप घेऊ. तिन्हींत 5 अंशांचं पाणी थांबलेलं आहे, बाहेर उणे 20 अंश आहे आणि तिन्हींवर कोरडं, चांगलं इन्सुलेशन आहे. आठ इंची पाइपवर 50 मिलिमीटर जाडीचं इन्सुलेशन असेल तर आतलं पाणी शून्यावर यायला साधारण 14 तास लागतात. तेवढ्याच जाडीच्या इन्सुलेशनखालच्या दोन इंची पाइपला पावणेतीन तास. आणि दाब मोजणाऱ्या ट्रान्समिटरपर्यंत जाणाऱ्या 12 मिलिमीटरच्या बारीक नळीला, म्हणजे इम्पल्स लाइनला, 25 मिलिमीटर इन्सुलेशन असूनही, 11-12 मिनिटं. नळी बारीक, म्हणजे तिच्यात पाणी कमी आणि त्या पाण्याच्या मानानं उष्णता गमावणारा पृष्ठभाग जास्त. अणुवीज केंद्र थांबवणारी नळी बारीकच का निघाली, याचं उत्तर या हिशेबात आहे.

यातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. इन्सुलेशन उष्णता तयार करत नाही, ती बाहेर जाण्याचा वेग कमी करतं. पाणी वाहतं असेल किंवा थंडीची लाट काही तासांचीच असेल, तर तेवढं पुरतं. थांबलेलं पाणी आणि दोन-तीन दिवसांची थंडी असेल, तर बाहेरून उष्णता द्यावीच लागते.

वाऱ्याबद्दलही एक गैरसमज आहे. हवामानखातं सांगतं ते 'जाणवणारं तापमान' माणसाच्या त्वचेसाठी असतं. हवा शून्याच्या वर 2 अंश असेल तर कितीही सोसाट्याचा वारा कोरड्या पाइपला शून्याखाली नेऊ शकत नाही. वारा फक्त उष्णता घालवण्याचा वेग वाढवतो, तोही मुख्यतः उघड्या पाइपवर. म्हणून हीटर सुरू करायचा निर्णय खऱ्या तापमानावर घ्यावा.

आधी विचारावं, इथं पाणी हवंच का?

सगळ्यांत मोठी बचत हीटर लावण्याआधीच होते. हिवाळ्यात न लागणारी लाइन रिकामी केली की तिला एक वॅटही द्यावा लागत नाही. त्यासाठी लाइनला उतार हवा, सर्वांत खालच्या बिंदूला पाणी सोडणारा ड्रेन व्हॉल्व्ह आणि वरच्या बिंदूला हवेसाठी व्हेंट लागतो. व्हेंट उघडला नाही तर पाणी पूर्ण उतरत नाही, आणि दोन सपोर्टच्या मध्ये झोल पडलेल्या पाइपमध्ये ते साचून राहतं. म्हणून ड्रेन केल्यावर कोरड्या हवेनं लाइन फुंकून काढणं चांगलं.

इथं सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते डेड लेगकडे, म्हणजे जिथं प्रवाह कधीच जात नाही अशा फांद्यांकडे. 16 फेब्रुवारी 2007 रोजी टेक्सासमधल्या व्हलेरो कंपनीच्या मकी रिफायनरीत मोठी आग लागली. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाच्या तपासात कारण निघालं ते असं: सुमारे 15 वर्षं वापरात नसलेल्या एका कंट्रोल स्टेशनच्या (प्रवाह नियंत्रित करणाऱ्या जोडणीच्या) पाइपमध्ये, प्रोपेनसोबत आलेलं थोडं पाणी साचलं होतं. ते गोठलं, पाइपच्या वळणाला (एल्बो) तडा गेला आणि बर्फ वितळल्यावर तिथून प्रोपेन बाहेर पडला. अशी फांदी गरम ठेवण्यावर वर्षानुवर्षं वीज घालवण्यापेक्षा एका शटडाउनमध्ये ती कापून तोंड कायमचं बंद करावं. धोका जातो आणि खर्चही कायमचा जातो.

काही लाइन रिकाम्या करता येतच नाहीत. अग्निशमनाची लाइन हे त्याचं ठळक उदाहरण. एनएफपीए 13 या अमेरिकी अग्निसुरक्षा मानकानुसार पाणी भरलेली स्प्रिंकलर लाइन जिथं तापमान किमान 4 अंश टिकतं तिथंच ठेवायची असते. त्यापेक्षा थंड जागेत ड्राय पाइप पद्धत वापरतात. तिच्यात पाइपमध्ये दाबाखालची हवा असते आणि पाणी उबदार खोलीतल्या व्हॉल्व्हमागे थांबलेलं असतं. ऊर्जेच्या दृष्टीनंही हा फार समंजस उपाय आहे, कारण शेकडो मीटर पाइपऐवजी एक खोली उबदार ठेवावी लागते.

वीज नेमकी कधी जाते?

आता मुख्य मुद्दा. पाइपला हीट ट्रेसिंग, म्हणजे पाइपला लागून जाणारी तापणारी केबल, बसवताना हिशेब होतो तो वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीचा. ते बरोबरच आहे. पण अशा रात्री मोजक्याच असतात. बिल तयार होतं ते अधिक 3, शून्य, उणे 2 अशा सौम्य थंडीच्या लांबलचक आठवड्यांत.

आकड्यांत पाहू. दोन इंची पाइप, 50 मिलिमीटर इन्सुलेशन, लांबी एक किलोमीटर. पाणी 5 अंशांवर टिकवायचं आहे. बाहेर उणे 20 असताना या पाइपमधून दर मीटरला साधारण 6.4 वॅट उष्णता जाते. म्हणून थोडा राखीव भाग धरून 10 वॅट प्रति मीटरची केबल बसवली. हिवाळ्यात 3,600 तास तापमान 5 अंशांच्या खाली असतं आणि त्या काळातली सरासरी शून्य अंश आहे असं धरू. शून्यावर पाइपला लागतात फक्त 1.3 वॅट प्रति मीटर. सगळ्या हंगामाची खरी गरज भरते साधारण 4,600 युनिट. पण थर्मोस्टॅट 'बाहेर 5 च्या खाली गेलं की चालू' एवढंच जाणत असेल, तर ठरावीक वॅटची केबल पूर्ण 3,600 तास पूर्ण ताकदीनं चालते आणि 36,000 युनिट खाते. गरजेच्या जवळजवळ आठपट! याच हंगामात उणे 20 चे सलग दोन दिवस आले, तर त्या दोन दिवसांची खरी गरज आहे सुमारे 300 युनिट.

व्हॉल्व्ह, सपोर्ट, फ्लँज (बोल्टचे जोड) धरले तर प्रत्यक्ष गरज या हिशेबापेक्षा वर जाईल. तरीही दोन आकड्यांमधली दरी मिटत नाही, आणि ती दरी नियंत्रणानं भरून काढायची असते.

एक पद्धत अशी की सेन्सर पाइपच्या भिंतीवरच बसवायचा. पाइप 5 अंशांच्या खाली उतरला तरच केबल चालू होते. लाइनमधून 15 अंशांचं पाणी वाहत असेल तर बाहेर बर्फ पडत असला तरी केबल बंद राहते. नेहमी वाहत्या लाइनसाठी मी हीच पद्धत सुचवेन. मात्र एका सेन्सरच्या भरवशावर एकच प्रवाहमार्ग ठेवता येतो. एक फांदी वाहती आणि दुसरी थांबलेली असेल, आणि सेन्सर वाहत्या फांदीवर असेल, तर थांबलेली गोठते.

दुसरी पद्धत प्रमाणशीर नियंत्रणाची. सेन्सर बाहेरच्या हवेचाच असतो, पण कंट्रोलर केबल सतत चालू न ठेवता थंडीच्या प्रमाणात चालू-बंद करतो. 5 अंश टिकवायचे आहेत आणि बाहेर अधिक 3 आहे, तर फरक 2 अंशांचा. उणे 20 ला तो 25 अंशांचा असतो. म्हणजे अधिक 3 ला त्या कमाल गरजेच्या 8 टक्केच उष्णता पुरते. बारीक लाइनी शेकड्यानं असतात आणि प्रत्येकीवर सेन्सर लावणं परवडत नाही, तिथं ही पद्धत चोख काम करते. जुन्या पॅनलमध्ये नुसता थर्मोस्टॅट बदलून असा कंट्रोलर बसवणं हे या सगळ्या विषयातलं कमी खर्चाचं आणि मोठ्या परताव्याचं काम आहे.

सेल्फ-रेग्युलेटिंग केबलबद्दलही बोलायला हवं, कारण तिच्या नावामुळे घोटाळा होतो. तिच्या दोन तारांमध्ये कार्बन मिसळलेलं वीजवाहक प्लॅस्टिक असतं. ते तापलं की विरोध वाढतो आणि केबल कमी उष्णता देते. ती स्वतःला जाळून घेत नाही, हवी तिथं कापता येते, आणि हे गुण मोलाचे आहेत. पण ती आपणहून बंद होत नाही. तुम्ही ठरवलेलं 5 अंशांचं तापमान, म्हणजे सेटपॉइंट, तिला ठाऊक नसतो. थर्मोस्टॅटशिवाय सोडली तर शून्य अंश हवेत वर सांगितलेला पाइप 20 अंशांच्या पुढेही जाऊन बसू शकतो, आणि गरजेच्या चौपट-पाचपट वीज जात राहते. तिलाही कंट्रोलर लागतोच.

सेटपॉइंटचंही तसंच. 'सुरक्षित राहू दे' म्हणून 5 ऐवजी 10 अंश ठेवतात. बाहेर उणे 20 असताना यानं खर्च पाचवा हिस्साच वाढतो, म्हणून कुणाला खटकत नाही. बाहेर शून्य असताना मात्र तो थेट दुप्पट होतो. शिवाय 5 ते 10 अंशांच्या दरम्यानचे सगळे तास, ज्यांत एरवी केबल बंदच राहिली असती, तेही जमेस धरावे लागतात. सेन्सरच्या अचूकतेसाठी आणि एखाद्या थंड कोपऱ्यासाठी शून्याच्या वर थोडं अंतर ठेवावंच. 5 अंश हे ते अंतर आहे. त्यावर आणखी 5 चढवण्यापेक्षा तो थंड कोपरा शोधून झाकावा.

इन्सुलेशन: जाडीपेक्षा सलगपणा

त्याच दोन इंची पाइपचं गणित पुढे नेऊ. संथ हवेत, उणे 20 ला, उघडा पाइप दर मीटरला सुमारे 47 वॅट घालवतो. 25 मिलिमीटर इन्सुलेशन घातलं की 10.4 वॅट. 50 ला 6.4. आणि 100 मिलिमीटरला 4.3. पहिल्या थरानं 37 वॅट वाचले, दुसऱ्यानं 4, आणि शेवटच्या टप्प्यात जवळजवळ तिप्पट माल घालून 2. म्हणून दोन इंची पाइपवर 50 मिलिमीटरच्या पुढे जायच्या आधी मी उघडे तुकडे मोजेन.

उघडा गेट व्हॉल्व्ह साधारण एक मीटर उघड्या पाइपइतकी उष्णता घालवतो. म्हणजे एकच व्हॉल्व्ह झाकायचा राहिला, तर सात मीटरहून अधिक नीट झाकलेल्या पाइपइतकं नुकसान. व्हॉल्व्हचं इन्सुलेशन का राहतं, हे मेंटेनन्स करणाऱ्यांना नीट माहीत आहे. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचा ग्लँड गळतो म्हणून इन्सुलेशनवरचा पत्रा, म्हणजे क्लॅडिंग, उघडतात, पॅकिंग बदलतात, फिटरला पुढच्या कामाचा फोन येतो आणि पत्रा खाली पाइपरॅकला टेकून राहतो. इन्सुलेशनवाला वेगळ्या कंत्राटाचा, तो महिन्यानं येतो. तोवर पाऊस कापलेल्या कडेतून आत शिरतो आणि दोन्ही बाजूंचं लॅगिंग, म्हणजे आतलं इन्सुलेशन, मीटर-दीड मीटर भिजवतो. यावर उपाय आहे तो काढता-घालता येणाऱ्या जॅकेटचा. बकल किंवा वेल्क्रोची ही शिवलेली आवरणं फिटर स्वतःच काढून पुन्हा बांधू शकतो. वारंवार उघडाव्या लागणाऱ्या प्रत्येक व्हॉल्व्हवर ती असावीत.

भिजण्याचा प्रश्न दिसतो त्याहून गंभीर आहे. इन्सुलेशन काम करतं ते आत अडकलेल्या स्थिर हवेमुळे. पाणी उष्णता हवेच्या 20 पटींहून अधिक सहज वाहून नेतं आणि बर्फ तर पाण्याच्याही तिप्पट-चौपट. भिजून गोठलेलं लॅगिंग बाहेरून अगदी धडधाकट दिसतं आणि आतून पाइपची उष्णता बाहेर ओढत असतं. त्याखाली पोलादाला गंज चढतो, तो वेगळाच. क्लॅडिंगचे सांधे पाणी ओघळून जाईल अशा दिशेनं एकमेकांवर चढवणं, व्हॉल्व्हच्या मानेभोवती सीलंट भरणं, कुणी पाय देऊन चेपलेला पत्रा बदलणं, ही सगळी ऊर्जाबचतीचीच कामं आहेत.

बाकीच्या पद्धती थोडक्यात. स्टीम ट्रेसिंग, म्हणजे केबलऐवजी पाइपला लागून वाफेची नळी, जिथं आहे तिथं 3 बार दाबाची, सुमारे 143 अंशांची वाफ 5 अंश टिकवण्यासाठी वापरली जाते. त्यात भर म्हणजे वाफ अडवून फक्त तिचं झालेलं पाणी सोडणारे, पण अडकून उघडे राहिलेले स्टीम ट्रॅप. हवेचं तापमान पाहून आपोआप वाफ बंद करणारा व्हॉल्व्ह आणि ट्रॅपची नियमित तपासणी एवढं तरी व्हावंच. तेच पाणी फिरत राहतं अशा बंद चक्रात, गोठण्याचं तापमान खाली नेणारं ग्लायकॉल मिसळता येतं. 30 टक्के एथिलीन ग्लायकॉल असलेलं मिश्रण उणे 14 अंशांच्या आसपास गोठू लागतं. पण मिश्रण दाट होतं, उष्णता कमी वाहून नेतं आणि पंपाची वीज वाढते, म्हणून लागेल तेवढंच घालावं. नळ बारीक धारेनं सोडून ठेवणं हे आणीबाणीपुरतं ठीक आहे, रोजचा उपाय म्हणून ते पाणी आणि पंपाची वीज दोन्ही वाया घालवतं.

जिथं एअर कंप्रेसर बारा महिने चालतो तिथं मात्र मोठी संधी असते. कंप्रेसरला दिलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णतेत बदलते, आणि ती बहुधा पंख्यानं बाहेर फेकली जाते. गोठू न देण्यासाठी 10-15 अंशांचं पाणीही पुरतं, त्यामुळे एरवी निरुपयोगी वाटणारी ही कोमट उष्णता इथं कामाला येते. कंप्रेसरच्या गरम हवेचा डक्ट पंपहाउसमध्ये वळवला तर तिथले इलेक्ट्रिक हीटर कित्येक दिवस सुरूच करावे लागणार नाहीत.

हिवाळ्याआधीची फेरी

ही फेरी थंडी पडायच्या महिनाभर आधी करावी, म्हणजे सापडलेलं दुरुस्त करायला वेळ मिळतो. मेगर या विद्युत मापकानं प्रत्येक केबलच्या वीजरोधक आवरणाचा विरोध (इन्सुलेशन रेझिस्टन्स) मोजावा. प्रत्येक सर्किट चालू करून त्याचा करंट डिझाइनच्या आकड्याशी ताडावा. शून्य करंट म्हणजे गोठणारा पाइप. पॅनलवरचे हँड-ऑफ-ऑटो (कायम चालू, बंद, आपोआप) स्विच एकेक करून पाहावेत. मागच्या जानेवारीत घाईत कुणी तरी 'हँड'वर फिरवलेला स्विच ऑक्टोबरपर्यंत तसाच राहतो आणि ती केबल भर उन्हाळ्यातही पाइप तापवत असते.

बाहेरच्या हवेचा सेन्सर कुठे आहे तेही बघावं. तो सावलीत, उघड्यावर आणि गरम हवा सोडणाऱ्या झरोक्यापासून लांब हवा. उन्हातला सेन्सर दुपारी फसतो आणि केबल बंद ठेवतो. झरोक्याजवळचा रात्रंदिवस फसतो.

थर्मल कॅमेरा या फेरीत उपयोगी पडतो, पण चकचकीत ॲल्युमिनियम क्लॅडिंगवर तो चुकीचं वाचन देतो. चकचकीत पत्रा स्वतःची उष्णता फार कमी उत्सर्जित करतो आणि आजूबाजूचं, विशेषतः थंड आकाशाचं, प्रतिबिंब दाखवतो. पत्र्यावर ठिकठिकाणी मॅट काळ्या टेपचे तुकडे चिकटवून तिथलं तापमान वाचावं.

आणि हंगाम सुरू झाला की एक आलेख काढावा. ट्रेसिंगला वीज पुरवणाऱ्या मुख्य जोडणीला, म्हणजे फीडरला, मीटर नसेल तर तो बसवावा. आडव्या अक्षावर दिवसाचं सरासरी तापमान, उभ्यावर त्या दिवसाचे युनिट. नियंत्रण नीट असेल तर ठिपके थंडी वाढेल तसे वर चढणाऱ्या तिरक्या रेषेवर पडतात आणि 5 अंशांच्या आसपास ती रेषा शून्याला टेकते. ठिपके आडव्या सपाट रेषेवर असतील तर केबल थंडी न पाहता चालते आहे, म्हणजे कंट्रोलर बदलायला हवा. रेषा तिरकी आहे पण 12-15 अंशांच्या दिवसांतही शून्यावर येत नसेल, तर कुठला तरी स्विच 'हँड'वर आहे किंवा सेटपॉइंट चढवलेला आहे. मागच्या हिवाळ्याच्या रेषेपेक्षा या हिवाळ्याची रेषा जास्त उभी झाली असेल, तर इन्सुलेशन भिजलेलं किंवा उघडं पडलेलं आहे. आणि कडाक्याच्या दिवशी एखाद्या फीडरचा ठिपका रेषेच्या खाली आला, तर त्या दिवशी वीज वाचली असं समजू नये. एखादं सर्किट ट्रिप झालेलं असतं, आणि पाइपमधलं पाणी गोठायच्या आत ते शोधायला निघावं.